आईची मंडळी

आमच्या घरी पाहुणे फारसे कधी यायचे नाहीत, पण मंडळी मात्र रोज यायची. 'मंडळी' हा आईचा शब्द. सकाळी चहा गाळता गाळता ती मध्येच थांबायची, मान किंचित डावीकडे कलती करायची आणि म्हणायची, "आज लवकर आली मंडळी." बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणायचे, "त्यांना म्हणावं संध्याकाळी या. आत्ता डबा व्हायचाय." मग आई खिडकीकडे तोंड करून, दूधवाल्याला सांगावं तशा साध्या आवाजात सांगायची, "संध्याकाळी या," आणि पोळ्या लाटायला घ्यायची. मी या घरातच जन्मले, त्यामुळे अगदी लहानपणी मला यात काही वेगळं वाटलं नाही. कुणाच्या घरी दमा असतो, कुणाच्या घरी साखरेचा आजार असतो, आमच्याकडे मंडळी होती. ती फक्त आईला ऐकू यायची, एवढाच फरक.

आई-बाबा दोघंही अमरावतीकडचे. बाबांना पुण्यात सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली आणि विश्रांतवाडीच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. बाहेरच्या खोलीत बुद्धांची तसबीर, तिच्याखाली रेडिओ, कोपऱ्यात बाबांची सायकल, कारण खाली ठेवली की तिची हवा कुणीतरी सोडायचं. आतल्या खोलीला चिकटून चिंचोळी गॅलरी. संध्याकाळचा चहा झाला की आई त्या गॅलरीत लसणाची परडी घेऊन बसायची आणि मंडळींना वेळ द्यायची. लसूण सोलत ती त्यांचं ऐकून घ्यायची, कधी 'हं' म्हणायची, कधी ओठ घट्ट मिटायची. परडीतला लसूण संपला की उठायची. "झालं तुमचं," म्हणायची आणि स्वयंपाकाला लागायची. तिच्या हातचा बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात आणि बेसनाच्या वड्यांचा, पातोडीचा रस्सा पुण्यात त्या वसाहतीबाहेर कुणाला ठाऊक नव्हता. ज्या दिवशी रस्सा झणझणीत तिखट असायचा त्या दिवशी मंडळींनी तिला खूप छळलेलं असायचं, हे मला जिभेवरून कळायचं.

मी झाले आणि थोड्याच दिवसांत तिला पहिला आवाज ऐकू आला होता. बाळंतपणात डोकं फिरलं, असं नातेवाइकांनी ठरवून टाकलं. माझी मावशी कधीमधी गावाहून यायची, मला जवळ ओढायची आणि म्हणायची, "अगदी मायवर गेली पोरगी. तेच नाक, तेच कपाळ." ती कौतुकानंच म्हणायची. पण शाळेत जायला लागल्यावर, मुलं कुणालाही चिडवायचं झालं की 'येरवड्याला पाठवा' म्हणतात आणि ते हसण्यासारखं असतं हे कळल्यावर, मावशीचं ते वाक्य ऐकलं की मी तिचा हात सोडवून आत जायची. मी आरशात नाक बघायची. नाकाबरोबर आणखी काय काय येत असेल, कोण जाणे.

एक दुपार मी कधी विसरले नाही. आईच्या गोळ्यांनी तिचे हात थरथरायचे, म्हणून तिनं त्या कुणाला न सांगता बंद केल्या होत्या. मी शाळेतून आले तर दाराच्या आतून टेबल लावलेलं, ते ढकलून फटीतून आत शिरले तर मेन स्विच बंद, आणि आई न्हाणीघरात खाली बसलेली. तिनं मोरीच्या भोकात बाबांचा सदरा कोंबला होता. मला आत ओढून तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "बोलू नको. त्याईले समजते आपण घरी हावोत ते." तिचा तळहात ओला होता आणि त्याला राखेचा वास येत होता. किती वेळ आम्ही तशा बसलो, मला सांगता येणार नाही. नळातून थेंब पडत होता. आधी तो नुसता थेंब होता. मग आई इतक्या भीतीनं त्या मोरीकडे बघत होती, की मलाही त्या थेंबांच्या मागे कुणीतरी कुजबुजतंय असं वाटायला लागलं. बाबांनी दार लोटून आम्हाला बाहेर काढलं तेव्हा मी आईपेक्षा जास्त थरथरत होते. तेव्हापासून माझ्या मनात एक प्रश्न घर करून राहिला. तो मी कुणालाही विचारला नाही: तो आवाज मला भीतीमुळे वाटला, की मलाही ऐकू आला?

त्यानंतर डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या आणि घराला एक शिस्त लागली. आईची झोप ही घरातली सगळ्यात पवित्र गोष्ट झाली. लग्न, बारसं, रात्रीचे कार्यक्रम बंद. एप्रिलमधली जयंती तिला फार प्रिय. त्या सकाळी पांढरी साडी नेसून ती विहारात वंदनेला जायची, सगळ्यांना हसून भेटायची, आणि दुपारी चौकात भोंगे लागायच्या आत बाबा तिला सायकलच्या कॅरियरवर बसवून नदीकडच्या एका ओळखीच्या घरी घेऊन जायचे. मिरवणूक संपेपर्यंत दोघं तिथं बसायची. ताण वाढायला लागला की तो तिच्या हातांत आधी दिसायचा. ती घासलेली भांडी पुन्हा घासायला काढायची. मग बाबा काही न बोलता चटई टाकायचे आणि तिला आडवं व्हायला सांगायचे. आणि एक नियम होता, तो माझ्यासाठी होता. आई विचारायची, "प्रज्ञा, तुले आवाज आला काय?" त्यावर खरं तेच सांगायचं. आला तर आला, नाही तर नाही. तिला बरं वाटावं म्हणून हो म्हणायचं नाही, आणि तिला भीती वाटेल म्हणून लपवायचंही नाही. कुकरची शिट्टी, खालचं कुत्रं, वरच्यांचं भांडण, हे सगळं मी तिला वेगळं काढून द्यायची. धान्यातून खडे निवडावेत तसं. उरलेलं तिचं.

आज कुणी ऐकलं तर म्हणेल, एवढ्याशा पोरीवर केवढं ओझं. ओझं वगैरे मला वाटलं नाही. मला भीती वाटायची, आणि ती वेगळीच होती: एखाद्या दिवशी ती विचारेल आणि जो आवाज खरा नाही तो मलाही आलेला असेल.

बी.कॉम. झाल्यावर मला खराडीत नोकरी लागली. परदेशातल्या विम्याचे दावे तपासून पुढे पाठवायचं काम. काचेची इमारत, गळ्यात कार्ड, कँटीनमध्ये तीन तऱ्हेच्या भाज्या. बाबांनी वसाहतभर पेढे वाटले. पाळ्या सारख्या बदलायच्या. एका आठवड्यात सकाळची, पुढच्यात दुपारची, आणि मधूनच रात्रीची. हॉलच्या भिंतीवर एक मोठा पडदा होता, त्यावर प्रत्येकाचं नाव आणि त्याच्यापुढे चुकांचा रंग, हिरवा, पिवळा किंवा लाल. आमचा टीम लीडर माझ्याच वयाचा होता. तो म्हणायचा, "प्रज्ञा, यू आर इन यलो, यार. थोडं पुश कर ना." मी पुश केलं. जेवायची सुट्टी सोडली, झोप कमी केली. चहा मात्र वाढवला. घरी येऊन पडलं तरी डोळ्यांपुढे तो पडदा लागलेला असायचा.

पहिल्यांदा ते कंपनीच्या गाडीत झालं. गाडी मुंढव्याच्या पुलाशी खोळंबली होती, सगळे पेंगत होते, आणि माझ्या मागून एका बाईनं अगदी स्पष्ट हाक मारली, "प्रज्ञा." मी वळून पाहिलं. मागच्या सीटवर दोन मुलगे झोपले होते. बाई कुणी नव्हतीच गाडीत. मी स्वतःला समजावलं, झोप नाही झालेली, असं होतं माणसाला. आणि खरंच, असं पुष्कळांना होतं, हे मला नंतर कळलं. पण पुष्कळांच्या घरी आई गॅलरीत लसूण सोलत बसलेली नसते.

मग ती बाई ऑफिसात यायला लागली. वातानुकूलन यंत्राच्या घरघरीत, लिफ्टच्या दारांत. आधी नुसतं नाव. मग 'बघतेय', 'कळलंय सगळ्यांना', असे तुकडे. मी माझे माझे उपाय काढले. दोन्ही कानांत बोटं घालायची आणि आवाज थांबतो का ते बघायचं. बाहेरचा असेल तर थांबेल. थांबायचा नाही. मग मी बोटं काढायची आणि असं वागायची की मी फक्त कान खाजवत होते. इअरफोन लावून मोठ्यानं गाणी ऐकायची. कँटीनमध्ये जाणं सोडलं, कारण तिथं दोघी जणी हसल्या की मला वाटायचं माझंच चाललंय. जागा बदलून भिंतीला पाठ लागेल अशी खुर्ची घेतली. सगळ्यात जास्त मी काय टाळत असेन तर आईची नजर. घरी आले की तोंड धुवायच्या निमित्तानं न्हाणीत जायची, जेवताना ताटात बघायची, तिनं काही विचारायच्या आत "दमले गं" म्हणून पांघरूण ओढून घ्यायची. बाबांपासून लपवणं सोपं होतं. आईपासून लपवणं म्हणजे सोनारापासून पितळ लपवण्यासारखं होतं. ती एकदाच म्हणाली, "झोपते काय तू नीट?" मी "हो" म्हणाले. ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मी धुतलेला पेला पुन्हा धूत होते.

त्या दिवशी दुपारची पाळी होती. गाडी चुकली म्हणून मी बसनं निघाले. विमाननगर मागं पडलं तेव्हा माझ्या मागच्या बाकावर दोन बायका बसल्या होत्या. त्यांच्यातली एक दुसरीला म्हणाली, "उतरली की धरायचं." त्या कदाचित एखाद्या लहान मुलाविषयी बोलत असतील, कदाचित काहीच बोलल्या नसतील. मला मात्र त्या क्षणी शंभर टक्के कळलं की हे माझ्याबद्दल आहे. खराडीचा थांबा आला. माझे पाय उठेनात. बस पुढे गेली. हडपसरला सगळे उतरले तशी मीही उतरले आणि समोर जी गाडी उभी होती तिच्यात चढले, कारण त्या बायका तिच्यात चढल्या नाहीत. ती सोलापूर रस्त्यानं निघाली. कंडक्टरनं "कुठं?" विचारलं, मी म्हटलं "शेवटपर्यंत". लोणी काळभोरला मला गाडीत बसणंही सहन होईना, म्हणून मी मध्येच उतरले.

हायवे भाजत होता. उसाचे ट्रक, कॉलेजातली पोरं, मोटारसायकली. थांब्याला लागून एक रसवंती होती. चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते. मी सावलीसाठी तिच्या बाकावर टेकले आणि घुंगरांतून ती बाई बोलायला लागली. तुकड्यांत नाही, सलग. मी कोण आहे, मी कशी घाण आहे, माझ्या आईला मीच वेडं केलं, मी जन्मले नसते तर ती शहाणी राहिली असती. मी कानांत बोटं घातली. रसवंतीवाली काकू चरक थांबवून जवळ आली. "ताई, बरं वाटंना का? आत बसा की. कुनी येनार हाय का न्यायला?" तिचा चेहरा चांगला होता, पण मला तिच्याकडे बघवेना. चरक थांबला होता आणि आवाज चालूच होता.

मी मोबाइलवरून घरी फोन लावला. बाबा कचेरीत असणार हे मला माहीत होतं. फोन आईच उचलणार हेही माहीत होतं. इतके दिवस जिला टाळलं तिलाच मी फोन लावला, कारण तिच्याशिवाय हे कुणाला सांगता येईल असं माणूस या अख्ख्या शहरात नव्हतं.

"आई," मी म्हणाले.

"कोठी हायेस?" आई घाबरली की तिची पुण्याची भाषा गळून पडायची.

"लोणीला. लोणी काळभोर. आई, मला... मला आवाज येतोय."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "कोणाचा? बाईचा की माणसाचा?"

असं कुणी विचारेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी म्हणाले, "बाईचा."

"हाव. मले पण आधी बाईच होती एक. आता आईक. समोर पाह्य. काय दिसते ते मले सांग."

"रस्ता."

"रस्ता त मले पण मालूम आहे. रस्त्यावर काय? सांग एकेक."

मी सांगायला लागले. उसाचा ट्रक, त्याच्या मागे लोंबणारी लाल चिंधी. पंक्चरचं दुकान. टोपी घातलेला म्हातारा, त्याच्या हातात कोथिंबिरीची जुडी. माझ्यामागे रसवंती, चरक थांबवून उभी असलेली काकू. मी रडत रडत हायवेचं वर्णन करत होते आणि आई प्रत्येक गोष्टीला "हं, मंग?" म्हणत होती. बाई बोलायची थांबली नाही, पण थोडी मागे सरली. मग आई म्हणाली, "त्या रसवाल्या बाईजवळच बस. पाण्यात हात घालून ठेव, थंड पाण्यात. हालू नको तेथून. मी येते."

"तू? एकटी?" मी किंचाळलेच. "बाबांना सांग. आई, तू नको येऊस."

फोन बंद झाला होता.

आता मला स्वतःपेक्षा तिची भीती वाटायला लागली. आई कित्येक वर्षांत कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापलीकडे एकटी गेली नव्हती. गर्दीत मंडळी तिला फाडून खायची. बसमध्ये तर ती बाबांचा दंड धरूनही कशीबशी बसायची. मला दिसायला लागलं: ती हडपसरला चुकीच्या गाडीत चढलीय, ती हायवेवर उभी आहे आणि कुणीतरी तिला ट्रकपुढे चल म्हणतंय. काकूनं माझ्यापुढे पाण्याची बादली ठेवली होती, तिच्यात हात बुडवून मी बसले होते आणि एकाच दिवशी या घरातली दोन माणसं हरवणार, बाबा कुणाला आधी शोधतील, हाच विचार फिरत होता. आजही माझ्या घरातलं कुणी वेळेवर आलं नाही की माझे हात थंड पडतात, आणि ते त्या बादलीतले हात असतात.

ऊन उतरायला लागलं तेव्हा ती मला रस्त्यापलीकडे दिसली. घरातली जुनी सुती साडी, पायात बाबांच्या चपला, आणि त्या उन्हात डोक्याला कानांवरून घट्ट बांधलेला लोकरीचा मफलर. तिचे ओठ हलत होते. ट्रकमागून ट्रक जात होते. ती दुभाजकाशी थांबली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे. मी उठून धावणार तशी तिनं लांबूनच हात वर केला, जसा ती माझ्या लहानपणी करायची: थांब तिथंच. मग ती रस्ता ओलांडून आली आणि माझ्याशेजारी बाकावर बसली. तिनं मला जवळ घेतलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. तिनं बादलीतला माझा एक हात घट्ट धरला आणि आम्ही दोघी थरथरत बसून राहिलो.

"काय म्हणते ती?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. सगळं नाही सांगता आलं. 'आईला मीच वेडं केलं' हे मात्र बादलीकडे बघत सांगितलं.

आई ऐकत होती, गॅलरीत बसल्यासारखी मान किंचित कलती करून. मग म्हणाली, "खोटारडी आहे. मी विचारलं होतं माह्यावालीले तेच. थे पण असंच काहीबाही बोलते. जे आपल्याले सगळ्यात लागंन, थेच शोधून काढते."

"तू आलीस कशी?"

"बसनं." तिनं मफलरची गाठ सैल केली. "अख्ख्या रस्त्यानं शिव्या देऊन राह्यले होते मले. उतर म्हणे, मर म्हणे. त्याईले म्हटलं, चला तुम्ही बी. पोरगी उभी हाय तेथी."

काकूनं न विचारता दोन पेले रस आणून ठेवला. आईनं एक पेला माझ्या हातात दिला, दुसरा स्वतः उचलला आणि तो तिच्या हातात इतका हलत होता की अर्धा साडीवर सांडला.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीपाशी बसली आणि येणाऱ्या प्रत्येक दुकानाची पाटी वाचत गेली, हळू, पण मला ऐकू येईल अशी. हार्डवेअर. ज्वेलर्स. दाताचा दवाखाना. मीही वाचायला लागले. लोक आमच्याकडे बघत होते. खरोखर बघत होते, यात माझ्या मनाचं काही नव्हतं. हडपसर आलं तेव्हा आम्ही दोघी एका सुरात पाट्या वाचत होतो.

घराच्या जिन्यात बाबा भेटले. आई दार सताड उघडं टाकून गेली होती, म्हणून खालच्यांनी त्यांना कचेरीत फोन केला होता. "कुठं होतात तुम्ही?" ते ओरडले. मी बाबांना ओरडताना क्वचितच पाहिलंय.

आई म्हणाली, "लोणीले गेली होती, प्रज्ञाले आणायले." आणि मग, माझा हात न सोडता, "तिची पण मंडळी आली, अहो."

बाबा पायरीवर बसले. त्यांनी सावकाश चपला काढल्या, जणू घर तिथूनच सुरू होत होतं. "मी बघत होतो," ते म्हणाले. माझ्याशी की आईशी, कळलं नाही. "पाळण्यात होती तेव्हापासून बघत होतो. रोज बघायचो. या महिन्यातच कसं दिसलं नाही मला?"

दुसऱ्या दिवशी आम्ही आईच्याच डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या पेठेतल्या होत्या, एका वाक्यात जे बसतं त्याला दोन वाक्यं वापरायच्या नाहीत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आईला आहे म्हणून तुम्हाला होणारच असं नाही. होणार नाही असंही नाही. आत्ता तुम्ही उंबऱ्यावर आहात. आत जायचं की नाही यातलं थोडं तुमच्या हातात आहे, थोडं माझ्या. नोकरीच्या पाळ्या बंद, झोप चालू. ही छोटी गोळी. दर आठवड्याला यायचं. आणि नातेवाइकांचा सल्ला घेऊ नका, तो फुकट असतो ते उगीच नाही." मी विचारलं, मी वेडी होणार का. त्या म्हणाल्या, "हा प्रश्न तुम्ही काल आईला विचारलात का? नाही ना? आवाज येतोय एवढंच सांगितलंत. तेवढंच सांगत राहा." मी सांगत राहिले. आवाजातली ती बाई काही महिन्यांत पुसट होत गेली. पुढच्या आयुष्यात ती दोनदा परत आली, दोन्ही वेळा मी झोपेविना आणि काळजीत असताना, आणि दोन्ही वेळा मी पहिल्याच दिवशी कुणालातरी सांगितलं. भीती गेली असं म्हणणार नाही. ती माझ्याबरोबर म्हातारी होतेय.

पण त्या प्रवासाची किंमत आईनं मोजली. लोणीहून आल्यावर तिची झोप उडाली. आधी भांडी, मग फरशी, मग भिंती धुणं सुरू झालं. संध्याकाळी या, असं सांगून मंडळी ऐकेनाशी झाली. गोळ्या ती जिभेखाली धरून थुंकायला लागली. आणि मग तिनं माझ्याकडे बघणं बंद केलं. मी तिच्या ताटात भाजी वाढली की ताट सरकवायची. एका सकाळी तिला बाबांशी बोलताना मी ऐकलं: "हे आपली नाई. आपली तेथीच राह्यली रसवंतीवर. हे दुसरीच पाठवली त्याईनं." मी दाराआड उभी होते. तेव्हा मीही नुकती गोळी सुरू केली होती, डोकं जड असायचं, आरशात माझा चेहरा मलाच परका वाटायचा. आई म्हणते ते खरं असेल तर, असा विचार मनात आला, आणि तो आलेला मला कळला. इतकी भीती मला लोणीलाही वाटली नव्हती.

तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. वरच्या मजल्यावर लांब वॉर्ड, खिडक्यांना जाळ्या, फिनेलचा वास. पहिले काही दिवस डॉक्टरबाईंनी मला येऊ दिलं नाही, दोघींच्याही भल्यासाठी. बाबा कचेरीतून परस्पर जायचे. घरात मी एकटी स्वयंपाक करायची, औषध घ्यायची, आडवी व्हायची. गॅलरीत जायची हिंमत होत नव्हती.

मग एका दुपारी निरोप आला, या म्हणून. मी डबा करून नेला. पोळी, वांग्याची भाजी, थोडा गोळाभात, जसा जमला तसा. आई पलंगाच्या कडेला बसली होती, केस विंचरलेले, चेहरा सुजल्यासारखा. मी दाराशीच थांबले. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. परिचारिका म्हणाली, "ताई, या ना आत." मला पुढं जाववत नव्हतं. जिनं मला ओळखलंच पाहिजे तीच नाही म्हणाली, तर मी कुणाला विचारायला जाणार होते?

"खरी हायेस काय?" तिनं विचारलं. भांडणाचा सूर नव्हता. दुकानात भाजीचा ताजेपणा विचारावा तसं.

हो म्हणण्यानं काय सिद्ध होणार होतं? मी नुसती उभी राहिले, हातात डबा धरून. तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. पाय, सैल झालेली सलवार, मनगटं, गळ्याची हाडं. फार वेळ घेतला तिनं.

"खोटी पाठवली असती त गुबगुबीत पाठवली असती त्याईनं," ती म्हणाली. "असं वाळलेलं कोण पाठवंन? जेवत नाई काय तू?"

मी पलंगावर तिच्या शेजारी बसले. डबा तिच्यासाठी आणला होता. तिनं तो माझ्या मांडीवरून उचलला, उघडला, आणि माझ्याच पुढ्यात ठेवला. "खाय," म्हणाली.

मी खायला लागले. भात गार झाला होता, गोळे कडक झाले होते. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. एकेक घास जाईपर्यंत बघत होती.